देवाची करणी गेली, हवामानाची करणी आली!

१३ मे २०२४ रोजी दुपारी चारनंतर मुंबईवर धुळीचे वादळ आले. घाटकोपरला छेडानगरजवळ, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर माणसे आडोशाला थांबली होती. कोणी टॅक्सीवाला, कोणी मोटारसायकल घेऊन पेट्रोल भरायला आलेला, कोणी त्याच पंपावर पोटासाठी राबणारा. शेजारी उभे असलेले अवाढव्य होर्डिंग या माणसांवर कोसळले. १७ जीव गेले, सत्तरच्या वर जखमी झाले. आपल्या वाचकांना हा परिसर वेगळा सांगायला नको, रमाबाई आंबेडकर नगर याच महामार्गावर आहे.

वादळ ओसरले आणि एक शब्द सगळीकडे ऐकू येऊ लागला, हवामान बदल. निसर्गापुढे कोणाचे काय चालते, पृथ्वी तापली आहे, ऋतुचक्र बिघडले आहे! ज्यांनी आयुष्यभर नाले बुजवले, खारफुटी कापली, टेकड्या पोखरल्या, त्यांनाही एकाएकी पर्यावरणाचा पुळका आला. होर्डिंग उभारणाऱ्या कंपनीच्या संचालकाने तर पुढे उच्च न्यायालयात धाव घेतली आणि बचाव काय केला? हा अपघात म्हणजे ‘ॲक्ट ऑफ गॉड’, देवाची करणी आहे, सबब माझा दोष नाही! हजारो वर्षे आमच्या दुःखाला पूर्वजन्मीचे पाप म्हणणाऱ्या व्यवस्थेला ही भाषा नवी नाही. फक्त आता देवाच्या जागी हवामान आले आहे.

म्हणून हा प्रश्न आपण चळवळीच्या लोकांनी नीट, डोके शांत ठेवून तपासला पाहिजे. शहरांवर येणाऱ्या या अवचित वादळांना आणि अतिवृष्टीला हवामान बदल जबाबदार आहे काय?

पहिली गोष्ट ही की हवामान बदल थोतांड नाही. काही मंडळी अशी आहेत, की सत्ताधारी एखादा शब्द वापरतात म्हणून तो खोटाच असणार असे मानतात. हा विज्ञाननिष्ठ बौद्धाचा मार्ग नव्हे. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र आहे. अरबी समुद्र तापतो आहे, त्यावरून येणारे वारे अधिक बाष्प घेऊन येतात आणि ते कमी वेळात मोकळे होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपला महाराष्ट्रही त्या पट्ट्यात येतो. ३० जुलै २०२४ रोजी केरळात वायनाडला दरड कोसळून शेकडो माणसे गाडली गेली. तो पाऊस हवामान बदलामुळे सुमारे दहा टक्क्यांनी अधिक जोराचा झाला होता, असे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाने लगेच अभ्यास करून सांगितले.

पण हेच शास्त्रज्ञ दरवेळी एकच उत्तर देत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवावा. १ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नई बुडाली तेव्हा त्यांनी अभ्यास केला आणि त्या पावसात तापमानवाढीचा ठसा आढळत नाही असे स्पष्ट लिहिले. त्याच चेन्नईच्या पुराला भारताच्या महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात मानवनिर्मित आपत्ती म्हटले. राहिला वाऱ्याचा प्रश्न. पाऊस किती वाढला हे मोजता येते, पण गडगडाटी ढगाखालून दहा-पंधरा मिनिटे सुटणारा स्थानिक सोसाट्याचा वारा तापमानवाढीने वाढला काय, याविषयी जगभरचे शास्त्रज्ञ अजून ठामपणे बोलत नाहीत. आणि मे महिन्यातला वळीव काही परवा जन्माला आला नाही. आमच्या आया-आज्यांनी वळवाच्या वाऱ्यात छपरावरचे पत्रे उडताना पाहिले आहेत आणि म्हणून त्या पत्र्यावर दगड ठेवत आल्या. झोपडीतल्या बाईला जे कळते ते होर्डिंगवाल्याला कळत नाही काय?

कळते! घाटकोपरच्या बाबतीत तर हिशेब कागदावर आहे. इमारती आणि उंच बांधकामांवर वाऱ्याचा दाब किती धरायचा हे सांगणारे भारतीय मानक आहे. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. दुर्घटनेनंतर मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेने तपासणी केली. वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणे होर्डिंगचा पाया जेमतेम ताशी ४९ किलोमीटरचा वारा सोसेल इतकाच होता आणि त्या दिवशी वाऱ्याचा वेग होता ताशी ८७ किलोमीटर. वाचकांनी हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, १५८, ८७ आणि ४९. जे वादळ मानकाच्या निम्म्याच्या थोडेसेच वर होते, ते अभूतपूर्व कसे? पालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फूट असताना हा फलक प्रत्येक बाजूने १२० फुटांच्या घरातला होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी पालिकेची नव्हे. पालिका म्हणते आमच्या अखत्यारीत नाही, रेल्वेची माणसे म्हणतात राज्याच्या पोलिसांनी पाहायचे. त्या वेळी पालिकेत नगरसेवकही नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता, त्यामुळे जाब विचारायचा तरी कोणाला? या सगळ्यात हवामान बदल कुठे बसतो ते मला कोणी दाखवावे.

पाऊस मात्र वेगळा आहे, तिथे थोडे थांबून बोलले पाहिजे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एवढा पाऊस कोणत्याही शहराला झेपला नसता हे मान्य. पण मुंबईची पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती आणि ही क्षमता ५० मिलिमीटर करा असे ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ सालीच बजावले होते. मधली १२ वर्षे तो अहवाल कपाटात होता. मिठी नदीच्या मुखाशी दलदलीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, वरच्या अंगाला विमानतळाच्या धावपट्टीने नदीला काटकोनात वळायला लावले. हे झोपडपट्टीवाल्याने केले नाही. आणि आठवा, त्या पुराच्या आधीच्याच हिवाळ्यात, डिसेंबर २००४ पासून, मुंबईचे शांघाय करायचे म्हणून सरकारने ८० हजारांहून अधिक झोपड्यांवर बुलडोझर फिरवला होता. लाखो माणसे उघड्यावर आली, त्यांतली कितीतरी पुन्हा नाल्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर, जिथे कोणी हाकलणार नाही अशा ठिकाणी गेली. सात महिन्यांनी पाणी आले. साकीनाक्याला दरड झोपड्यांवर आली. राज्यभरात हजारावर माणसे मेली, मुंबईत चारशेहून अधिक. आणि नंतरच्या चर्चेत दोषी कोण? मिठीकाठची झोपडी आणि प्लास्टिकची पिशवी!

पुढच्या काळात हेच पुन्हा पुन्हा घडले. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाडच्या पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगरावर जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली, ३० च्या आसपास माणसे गेली. ही भिंत ब्रिटिशांच्या काळातली नव्हती, थोड्याच वर्षांपूर्वी पालिकेने बांधलेली होती. वस्ती वनखात्याच्या जमिनीवर आणि राष्ट्रीय उद्यानातील वस्त्या हलवून पुनर्वसन करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश १९९७ सालचा. २२ वर्षांत पर्यायी घर मिळाले नाही, भिंत मात्र मिळाली. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरमध्ये आणि विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये एकाच रात्री तीच कथा. तेव्हाही पाऊस जोराचा होता, कोण नाही म्हणतो? पण पाऊस मलबार हिलवरही पडला. १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० अशा तारखा काढून सरकारने माणसांची पात्र आणि अपात्र अशी वाटणी केली. अपात्र ठरला तो उतारावर गेला. त्याची जात कोणती असते हे शिरगणती न करताही या स्तंभाच्या वाचकाला ठाऊक आहे.

आता कायद्याची बाजू. ‘ॲक्ट ऑफ गॉड’ हा बचाव इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आला. इंग्लंडमध्ये एका जमीनदारणीच्या शोभेच्या तलावांचे बांध अतिवृष्टीने फुटले, पूल वाहून गेले आणि असा पाऊस माणसाच्या स्मरणात नाही म्हणून १८७६ सालच्या निकालात ती सुटली. म्हणजे या बचावाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, घटना कल्पनेपलीकडची होती काय? आपल्याकडे १९५८ सालचा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा कल्लूलाल विरुद्ध हेमचंद हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. पावसात घराची भिंत पडली, दोन मुले मेली. मालक म्हणाला देवाची करणी. पाऊस झाला होता २.६६ इंच. पावसाळ्यात एवढा पाऊस येणार हे धरूनच चालायला हवे, सबब हा बचाव चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. शिवाय दिल्लीच्या वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या डिसेंबरात धोकादायक उद्योगांना हा बचाव साफ नाकारला.

आता गंमत पाहा. पालिकेचा अधिकारी, बिल्डर, होर्डिंगवाला म्हणतो, हवामान बदलले आहे, आता असे पाऊस आणि अशी वादळे येणारच. फार छान! येणारच हे तुम्हाला माहीत होते ना? मग अकल्पित काय राहिले? मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. शहराला पुराचा आणि दरडींचा धोका आहे, तो वाढतो आहे आणि गरीब वस्त्यांना तो अधिक आहे हे त्या आराखड्याने मान्य केले. त्या तारखेनंतर मुंबईत पावसाने माणूस मेला, तर प्रशासनाला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. हवामान बदलाची जी ढाल ते पुढे करतात, ती न्यायालयात त्यांच्याच विरुद्धचा पुरावा आहे. आपल्या बाजूच्या वकिलांनी हा मुद्दा अजून पुरेसा लावून धरलेला नाही, ही खंत आहे. २१ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात, रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार या निकालात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये आहे असे म्हटले. घाटकोपरचे होर्डिंग पडले ते त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. माळढोकासाठी आलेला निकाल माणसासाठी वापरायला कोणी मना केली आहे?

नागपूरकरांनी ते करून दाखवले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठची घरे बुडाली. त्यात बंगलेवालेही होते. ते रडत बसले नाहीत, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि तलावाच्या सांडव्याच्या वाटेत उभारलेल्या स्मारकापासून नदीवरच्या बांधकामांपर्यंत सगळ्याचा जाब विचारला. आपल्या वस्त्या मात्र पंचनामा झाला, तांदळाची पिशवी मिळाली की गप्प बसतात. दीक्षाभूमीच्या शहरात तरी असे व्हायला नको होते.

तथागतांचे या बाबतीत काय म्हणणे होते? संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले, की माणसाच्या वाट्याला येणारे सगळे सुखदुःख पूर्वकर्माचेच फळ असते असे काही लोक म्हणतात, ते खरे काय? भगवंतांनी ते नाकारले. दुःखाची कारणे त्यांनी वेगवेगळी करून सांगितली. त्यांत ऋतूचा बदल हे एक वेगळे कारण आहे आणि नीट काळजी न घेणे हे दुसरे वेगळे कारण आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ही दोन कारणे त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. आजचे मंत्री आणि आयुक्त नेमके तेच मिसळतात. काळजी घेतली नाही आणि दोष ऋतूला!

बाबासाहेबांनीही पुराकडे असेच पाहिले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते श्रममंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला, ओडिशात महानदीचे पूर तर पाचवीलाच पुजलेले. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत बोलताना, पुराचे पाणी म्हणजे कसेही करून समुद्रात लोटून द्यायची पीडा, ही इंजिनिअरांची जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. पाणी साठवा, त्यातून वीज, सिंचन, जलवाहतूक उभी करा, असा त्यांचा आग्रह होता. तिथे कुठेही नशीब नाही, देव नाही, हताशपणा नाही. दामोदर खोरे योजनेचा पाया त्या काळात घातला गेला. हा वारसा सांगणाऱ्यांनी आपल्या नगरातल्या नाल्याची रुंदी किती होती आणि आता किती उरली, हे तरी विचारावे की नाही?

एका बाबतीत मात्र हवामान बदलाचा प्रश्न थेट आपला आहे. पृथ्वी तापवली कोणी? ज्याच्या घरात एक पंखा आणि दोन दिवे आहेत त्याने तापवली नाही. ज्यांच्या चार गाड्या आणि सहा एसी आहेत, ज्यांचे कारखाने आहेत, त्यांनी तापवली आणि तिचा ताप सोसायचा पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला, तुंबलेल्या गटारात उतरायला पुन्हा आपलीच माणसे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. शहराने हळहळ व्यक्त केली, मॅनहोलना जाळ्या लावण्याची चर्चा झाली. ते योग्यच होते. पण त्याच मॅनहोलमध्ये कामासाठी उतरून गुदमरणाऱ्या सफाई कामगारांसाठी हे शहर किती वेळा हळहळले?

मदतीच्या वाटपाचेही तेच. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमच्या छावण्यांत दलितांना वेगळे काढण्यात आले, पाण्याच्या टाकीपासून हुसकावण्यात आले, हे मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले आहे. त्यानंतर वर्षभराने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आला. त्याचे कलम ६१ सांगते, की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, जमात, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम किती तलाठ्यांना, किती वॉर्ड अधिकाऱ्यांना माहीत आहे? पुरात रेशनकार्ड वाहून गेलेल्या बाईकडे भरपाईसाठी रेशनकार्डच मागितले जाते, तेव्हा ती बाई परत फिरते. तिच्यासोबत कलम ६१ माहीत असलेला एक कार्यकर्ता हवा.

तेव्हा पावसाळ्याआधी प्रत्येक नगरातल्या मंडळाने एवढे करावे. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही खर्च नाही. वस्तीलगतचे होर्डिंग, मोबाइल टॉवर, संरक्षक भिंत यांचे स्थैर्य प्रमाणपत्र मागावे. उत्तराला ३० दिवस लागतात, पण माहिती जीविताशी निगडित असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात तसे स्पष्ट लिहावे, आपले लोक ते लिहायचे विसरतात.

आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरउतारावरच्या घरांना पालिका नोटीस चिकटवते, घर रिकामे करा, दुर्घटना घडल्यास जबाबदारी तुमची. जायचे कुठे ते त्यात नसते. संतापाने लोक ती फाडून टाकतात. ती फाडू नका. धोका प्रशासनाला लेखी ठाऊक होता, याचा तो सही-तारखेचा पुरावा आहे. तिचा फोटो काढा, आम्हाला पर्यायी जागा द्या असे उत्तर वॉर्ड ऑफिसात देऊन त्याची पोच घ्या आणि नोटीस व पोच दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून विहाराच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा, जिथे पाणी चढणार नाही.